अकरा-शून्य

आमच्या आप्पांनी वानखेडेवरची एकही मॅच शेवटपर्यंत बघितल्याचं मला आठवत नाही. दोन ओव्हर उरल्या की ते चिवड्याच्या डब्याला झाकण लावायचे आणि म्हणायचे, "चला, आता काही होत नाही. चर्चगेटला बसायला जागा मिळेल." पार्ल्यापर्यंत बसून जायला मिळावं म्हणून त्यांनी आयुष्यात किती षटकारांवर पाणी सोडलं असेल, देव जाणे. हाच वारसा घेऊन मी कॅलिफोर्नियात आलो आणि बेसबॉलच्या नादी लागलो.

नाद म्हणजे ओकलंड अॅथलेटिक्सचा, ज्यांना इथे लाडाने नुसतं 'एज' म्हणायचे. फ्रीमाँटला बार्टमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, बसायचं. हेवर्ड, बे फेअर, सॅन लिआंड्रो आणि मग कोलिसियम, एजचं मैदान. स्टेशनातून एक लांबलचक पूल थेट स्टेडियमकडे जायचा. पुलावर पाण्याच्या बाटल्या आणि बेकन गुंडाळलेले हॉटडॉग विकणारे उभे. शाकाहारी माणसाने नाक मुठीत धरून पूल ओलांडायचा. आत मात्र बाहेरचा डबा चालायचा. शिवाय भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा मिळायच्या, आणि टरफलं खुशाल पायाशी टाकायची. जत्रेनंतर इतक्या निर्धास्तपणे कचरा मी फक्त तिथेच केला.

खेळ समजायला एक उन्हाळा गेला. आपल्याकडे चेंडू कुठेही मारा, रन मिळतात. इथे समोरच्या काटकोनाबाहेर गेला की फाउल. लेट कट नावाच्या सौंदर्याला या खेळात कवडीची किंमत नाही, हे पचवायला मला फार जड गेलं.

शिकवलं ते शेजारच्या सीटवरच्या आजींनी. संघ 1968 मध्ये कॅन्सस सिटीहून ओकलंडला आला, तेव्हापासून त्या येत होत्या. मांडीवर स्कोअरची वही, हातात शिसपेन्सिल. बेस म्हणजे धावताना गाठायचे टप्पे, आणि मैदानातल्या प्रत्येक जागेला आकडा असतो. शॉर्टस्टॉपने, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाने, चेंडू अडवला, दुसऱ्या बेसवाल्याकडे टाकला, त्याने पहिल्या बेसकडे, की वहीत सहा-चार-तीन आणि दोघं बाद. बॅटर चेंडू हुकवून बाद झाला तर इंग्रजी 'के', नुसता बघत उभा राहून बाद झाला तर तोच 'के' उलटा. "बघत राहणाऱ्याची लाज वेगळी लिहायची, हनी," त्या म्हणायच्या. मला त्या 'हनी' म्हणत, मी त्यांना मनातल्या मनात आजी. माझ्या चिवड्याला त्यांनी 'इंडियन ट्रेल मिक्स' असं नाव ठेवलं होतं आणि त्यातले काजू त्या वेचून खायच्या.

4 सप्टेंबर 2002. बुधवार. एज ओळीने एकोणीस सामने जिंकले होते. विसावा जिंकला की अमेरिकन लीगचा, म्हणजे इथल्या दोन मोठ्या लीगांपैकी एकीचा, विक्रम. पंचावन्न हजारांवर माणूस. समोर कॅन्सस सिटी. नऊपैकी तिसऱ्या इनिंगअखेर अकरा-शून्य! पोरं नाचत होती, ढोल वाजत होते. चौथ्या इनिंगमध्ये कॅन्ससने पाच रन काढल्या, पण अकरा-पाच म्हणजे काय, कुत्र्याने हुंगलेल्या भाकरीसारखं, जरासं बिघडलं इतकंच. सातवी इनिंग संपली तेव्हा माझ्यातले आप्पा जागे झाले. उद्या गुरुवार, सकाळी ऑफिस. मी डब्याला झाकण लावलं. आजींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. बोलल्या काही नाहीत.

बार्टमध्ये समोरचा म्हातारा कानाला रेडिओ लावून बसला होता. सॅन लिआंड्रोला त्याने बोटं वर केली, सात. मग दहा. हेवर्डला उतरताना मान हलवत गेला. तिथून पुढे फ्रीमाँटपर्यंत मी खिडकीबाहेरच्या अंधाराकडे बघत होतो. पार्किंगमध्ये गाडीचा रेडिओ लावला तर नुसता गदारोळ, शब्द एकही कळेना. हळूहळू उलगडलं. कॅन्ससने अकरा-अकरा अशी बरोबरी केली होती आणि नवव्या इनिंगमध्ये बदली बॅटर म्हणून आलेल्या स्कॉट हॅटेबर्गने होमरन, म्हणजे इथला षटकार, मारला होता. बारा-अकरा. मी पार्किंगमध्ये बसून राहिलो. आपण नसताना घरात बारसं उरकलं गेल्यासारखं वाटलं.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा आजींनी त्या रात्रीचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. शेवटच्या चौकोनातला हिरा, म्हणजे चार बेसची आकृती, त्यांनी रंगवून काळा केला होता, होमरनची खूण. "हा बघितलास का?" माझ्या मते एवढी शिक्षा पुरे होती.

तेव्हापासून उठायचं बंद केलं. पण नशिबाला दुसऱ्या वाटाही ठाऊक असतात. 9 मे 2010, मदर्स डे. चेंडू टाकणाऱ्या एजच्या डॅलस ब्रेडनने परफेक्ट गेम टाकला, समोरचे सत्तावीस बॅटर आले, सत्तावीस गेले, एकही बेसवर पोचला नाही. त्याची आई तो शाळेत असतानाच गेलेली. सामना संपल्यावर त्याने मैदानावर स्वतःच्या आजीला मिठी मारली. प्रत्यक्ष बघायला बारा हजारच माणसं होती. मी कुठे होतो? मंडळाच्या नाटकाच्या तालमीला. माझी भूमिका दोन वाक्यांची.

जे मिळालं त्याचंही सांगतो. कोलिसियममध्ये रेषेबाहेरची मोकळी जागा इतकी ऐसपैस, की फाउल चेंडू प्रेक्षकांपर्यंत क्वचितच पोचायचा. एकदा पोचला. थेट माझ्या ओंजळीत. तळहात भाजल्यासारखा झाला, पण पकडला! आणि गल्ली क्रिकेटमध्ये वाढलेल्या माणसाने जे करायचं तेच मी केलं. चेंडू तत्परतेने मैदानात परत फेकला. इथे तो चेंडू ठेवून घ्यायचा असतो, लोक नातवंडांना दाखवतात. अख्खा विभाग माझ्याकडे बघत होता. आजींनी वहीत काही लिहिलं नाही, पण त्यांच्या मनातला उलटा 'के' मला दिसला.

हरणं मात्र आम्ही पोटभर बघितलं. हंगामात 162 सामने, त्यातले 81 घरी. चांगला संघही साठेक हरतो, त्यामुळे पराभव भाकरीसारखा रोजचाच. टोचतो तो ऑक्टोबर, बाद फेऱ्यांचा महिना. 2000 ते 2003, ओळीने चार वर्षं एज पहिल्याच फेरीत पाचव्या, निर्णायक सामन्यात हरले. 2012 लाही तेच, डेट्रॉइटकडून घरच्या मैदानावर सहा-शून्य. पण त्या रात्री लोक हलेचनात. हरलेल्या संघासाठी उभं राहून "लेट्स गो ओकलंड" चालू. आजींनी पेन्सिल कानामागे खोचली आणि टाळ्या वाजवू लागल्या. वानखेडेवर हे मी कधी बघितलं नव्हतं. बघितलं नसेल कारण आम्ही चर्चगेटला असायचो.

या संघाच्या बाहीवर हत्ती असायचा. गोष्ट 1902 ची, तेव्हा संघ फिलाडेल्फियात होता. जॉन मॅग्रॉ नावाचा प्रतिस्पर्धी व्यवस्थापक हिणवून म्हणाला, की हा पांढरा हत्ती पोसणं मालकांना परवडायचं नाही. व्यवस्थापक कॉनी मॅक खमके. त्यांनी पांढरा हत्तीच संघाची खूण करून टाकला. पुढे हाच हत्ती खरोखर कोणाला पोसवेना. स्टेडियम जुनं झालं, सांडपाणी खेळाडूंच्या खोल्यांत शिरलं. नव्या जागेच्या वाटाघाटी वर्षानुवर्षं चालल्या आणि शेवटी ठरलं, लास वेगास. तोवर सॅक्रामेंटोजवळचं एक छोटं मैदान. 13 जून 2023 ला रिकाम्या खुर्च्यांची सवय झालेल्या त्या स्टेडियमात सत्तावीस हजार माणसं मुद्दाम जमली. 'संघ विका' असं सांगणारे हिरवे शर्ट घालून ओरडली. मीही ओरडलो. शर्ट अजून कपाटात आहे.

आजी मात्र 2020 पासून दिसल्या नाहीत. त्या वर्षी प्रेक्षकांना प्रवेशच नव्हता, आणि दार उघडलं तेव्हा शेजारची सीट रिकामीच राहिली. अठरा वर्षं शेजारी बसून मला त्यांचं आडनाव माहीत नव्हतं. फोन करायचा तर कोणाला?

शेवटचा सामना 26 सप्टेंबर 2024 ला. दुपारचा, आणि वार गुरुवार. ऑफिसात सुट्टी टाकली. पहिला चेंडू टाकायला माजी खेळाडू आले, त्यांत रिकी हेंडरसन. याच शहरात वाढलेला, कारकिर्दीत 1406 बेस चोरणारा, म्हणजे चेंडू मारला जायची वाट न बघता पळत पुढचा बेस गाठणारा माणूस. त्याच डिसेंबरात तो गेला. सेहेचाळीस हजारांवर लोक होते. आजींच्या सीटवर एक विशीतला मुलगा बसला होता. मी वही काढली तशी त्याने विचारलं, "अंकल, हे काय लिहिताय?" मी त्याला उलटा 'के' समजावला. त्याला तो आवडला.

एज तीन-दोन असे जिंकले. शेवटचा चेंडू तिसऱ्या बेसकडे घरंगळला, तिथून पहिल्या बेसकडे. मी लिहिलं, पाच-तीन. शिसपेन्सिलचं टोक तिथेच मोडलं. व्यवस्थापक मार्क कॉट्से माइक घेऊन मैदानात आला आणि शेवटचं "लेट्स गो ओकलंड" त्याने सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. जिंकल्यावर इतकी माणसं रडताना मी कधी बघितली नव्हती. काहींना मैदानावरची मूठभर माती मिळाली, ती त्यांनी कपात धरली होती.

पुलाकडे जाणाऱ्या वाटेवर गर्दी तुंबली होती. मुलगा म्हणाला, "निघायचं नाही? बार्टला नंतर उभंही राहता येणार नाही." मी डब्याचं झाकण उघडलं आणि डबा त्याच्यापुढे केला. त्याने आधी काजू उचलला.