तुम्ही विचारलंत म्हणून: मी यादी का देत नाही

"मुलांसाठी चांगल्या पुस्तकांची एक यादी करून द्या ना." जूनमध्ये, दिवाळीच्या सुट्टीआधी, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. प्रवरेच्या काठच्या आमच्या गावात सार्वजनिक वाचनालयाचा बालविभाग मी सांभाळते, तेव्हा मला विचारणं साहजिकच आहे. मी यादी देत नाही. मुलाला कपाटासमोर बसवते आणि तुम्हाला बाहेरच्या बाकावर. त्यावरून माझ्याबद्दल काय बोललं जातं तेही कानावर येतं. तर एकदा सगळं सांगूनच टाकते.

माझ्याकडे यादी होती. आठ ते दहा, दहा ते बारा, बारा ते पंधरा असे वयोगट पाडून, माझ्या अक्षरात लिहून, लॅमिनेट करून ती कपाटाच्या दाराला लावलेली होती. मला तिचा अभिमान होता. उन्हाळ्याच्या दोन सुट्ट्या घालवून, एकेक पुस्तक वाचून केली होती मी ती.

तुम्ही यादी मागता, पण मुलाबद्दल काहीच सांगत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? मोबाईल सुटावा, शुद्धलेखन सुधारावं, संस्कार व्हावेत, एवढंच मला सांगितलं जातं. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगते, दहापैकी सात जण शेवटी 'श्यामची आई'वर येतात. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आश्रमातल्या मित्रांना रात्री बसून सांगितलेल्या या आठवणी आहेत, आणि ऐकणारी माणसं मोठी आहेत. आई जाते त्या पुस्तकात. तुम्हाला स्वतःचं रडणं आठवतं, म्हणून तुम्ही ते आठ वर्षांच्या मुलाच्या हातात देता. मूल चार पानं वाचून ठेवून देतं आणि तुम्ही मला सांगता, "वाचनाची आवडच नाही हो त्याला."

इंग्रजी शाळेतल्या मुलांचं आणखी वेगळं. बारा वर्षांचा मुलगा इंग्रजीत जाडजूड पुस्तकं वाचतो, पण मराठी वाचताना जोडाक्षरापाशी थांबतो. त्याला मराठीत जमेल ते पुस्तक धाकट्या बहिणीचं असतं, आणि ते हातात धरायची त्याला लाज वाटते. अशा मुलाला मी 'किशोर'चे जुने अंक देते. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय. अंक बारक्यांसाठी म्हणून ओळखू येत नाही, हवं ते पान उघडता येतं आणि अर्धवट सोडलं तरी कुणी विचारत नाही. पण हे यादीत कसं लिहू? 'लाज वाटणाऱ्यांसाठी' असा वयोगट नसतो.

तरीही ही सगळी कारणं नंतर सुचलेली आहेत. यादी मी खाली उतरवली ती यांच्यापायी नाही.

२००९ सालची गोष्ट. नववीतला एक मुलगा मोठ्यांच्या विभागातून पुस्तक घेऊन माझ्या टेबलाशी आला. आमच्याकडे पंधरा वर्षांखालच्या सभासदाला त्या विभागातलं पुस्तक हवं असेल तर माझी सही लागते. पुस्तक होतं दया पवारांचं 'बलुतं', एका दलित लेखकाचं आत्मकथन. खाकी कव्हर, पाठीवर पांढऱ्या शाईतलं नाव अर्धं पुसलेलं.

मी म्हटलं, "हे तुझ्या वयाचं नाही रे. दहावी होऊ दे, मग वाच."

तो म्हणाला, "पप्पांनी आणायला सांगितलंय."

सगळी मुलं हेच सांगतात. मी हसले, उठले, यादीवर बोट ठेवून त्याला 'फास्टर फेणे' काढून दिलं आणि म्हटलं, "हे बघ, मजा येईल." त्यानं ते घेतलं, थोडा वेळ हातात धरलं, मग दोन्ही पुस्तकं टेबलावर एकावर एक नीट जुळवून ठेवली आणि गेला. 'बलुतं' वर होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचे वडील आले. एसटीत कंडक्टर, ड्यूटीवरून थेट आलेले, खाकी कपड्यांत, खांद्याला पैशांची बॅग. मुलगा दाराबाहेर चपलांपाशी उभा. वडिलांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, पोरानं काय चूक केली का?"

त्यांना वाटलं होतं, त्यानं काहीतरी फाडलं असेल, कुणाशी भांडला असेल. मी गडबडीनं म्हटलं, नाही नाही, पुस्तक जरा मोठ्यांचं आहे, एवढंच. ते म्हणाले, "मीच धाडलं होतं त्याला. आमच्या घरी होतं ते, कोणीतरी नेलं, परत आलं नाही. त्यात कावाखाना आहे ना मुंबईचा, तिथं माझे वडील राहायचे. म्हटलं, आता याला कळंल."

मी लगेच पुस्तक काढलं, कार्ड काढलं, पेन उघडलं. ते म्हणाले, "राहू द्या." आणि अनामत रक्कम परत मागितली. शंभर रुपये होते. मी पन्नासच्या दोन नोटा दिल्या. त्यांनी त्या मोजल्या नाहीत. रजिस्टरमध्ये सही केली. इंग्रजीत, सावकाश, पूर्ण नाव. बाहेर जाऊन मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं जिना उतरून गेले.

यादी मागणाऱ्यांना मी एकच विचारते: तुम्ही कधी असा विचार करून पुस्तक निवडलंय? त्या माणसानं निवडलं होतं. आपल्या मुलाला आपल्या वडिलांबद्दल काय कळावं, कधी कळावं आणि कुणाच्या तोंडून कळावं, हे त्यानं ठरवलं होतं. मी दोन सुट्ट्या घालवून केलेल्या यादीच्या जोरावर ते मोडलं.

पुढे बरीच वर्षं मी स्वतःशी भांडले. तेव्हाची मी अजूनही आतून बोलते आणि तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. त्या पुस्तकात मुंबईच्या वस्तीतलं जे आहे ते चौदा वर्षांच्या मुलानं एकट्यानं वाचावं का, हा प्रश्न खरा आहे. आज माझा भाचा त्या वयाचा आहे आणि मला तो प्रश्न पडतो. पण मग तिला मी 'ययाति'ची आठवण देते. त्याच वर्षी, नववीतल्याच, वकिलांच्या मुलीला मी खांडेकरांची 'ययाति' कौतुकानं सही करून दिली होती. त्या कादंबरीत राजाच्या वासनेशिवाय दुसरं आहे काय? पण तिला ज्ञानपीठ मिळालेलं, घरोघरी कपाटात असलेली. मला वय आठवलं नाही. वय आठवलं ते त्या मुलाच्या वेळी. यात जात होती का? मी अनेक वर्षं नाही म्हणायचे. आता मला तसं म्हणवत नाही.

मग मी सगळं मोकळं ठेवते का? नाही. हेही सांगायला हवं. माझ्या टेबलाच्या खणात आजही एक कादंबरी आहे. चांगली आहे. तीत एक मुलगा जीव देतो. आमच्या गावात दोन वर्षांपूर्वी जे घडलं त्यानंतर मी ती कपाटातून काढली. कुणी नाव घेऊन मागितली तर देईन, असं मी ठरवलंय, पण खणात आहे हे कुणाला सांगितलेलं नाही, मग मागणार कोण? म्हणजे निवड मी अजूनही करतेच. फक्त ती दाराला चिकटवत नाही.

'बलुतं' आता मुलांच्या शेवटच्या कपाटात असतं. तुमच्यातले दोघं त्यावरून समितीकडे गेले होते, मला माहीत आहे. मागच्या महिन्यात आठवीतल्या एका मुलीनं ते उचललं. मी काही बोलले नाही. नोंद केली, तारखेचा शिक्का मारला. ती गेल्यावर तिच्या आईला फोन करावा म्हणून दोनदा मोबाईल हातात घेतला आणि ठेवला. मुदत पंधरा दिवसांची असते. पुस्तक अजून परत आलेलं नाही.