कळलं म्हणा, नाही कळलं म्हणा

रावेरकडे केळीच्या भावाची बातमी कोण कुठल्या क्रियापदाने सांगतो, इकडे माझा कान असतो. ‘भाव उतरला म्हणे’ म्हणणारा स्वतः नामानिराळा. ‘उतरल्यासारखा वाटतो’ म्हणणाऱ्यालाही कुणी धरू शकत नाही. खरा मुरलेला तो व्यापारी. बागेत शिरतो, एका घडावर अंगठा दाबतो आणि सहज विचारतो, ‘भाव उतरल्याचं कळलं नाही का, मावशी?’ आता हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, भाव उतरलेलाच!

पॉल आणि कॅरल किपार्स्की या भाषाशास्त्रज्ञांनी १९७० साली अशा क्रियापदांवर लिहिलं. ‘कळणं’, ‘पस्तावणं’ या जातीची क्रियापदं पोटातलं वाक्य खरं धरूनच चालतात. पारख सोपी आहे, वाक्य नकारार्थी करायचं. ‘नवऱ्याने कापूस विकला हे तिला माहीत नाही’ म्हटलं, तरी कापूस गेलाच. ‘कापूस विकला असं तिला वाटत नाही’ म्हटलं, की तो अजून घरात असू शकतो. काही क्रियापदं मात्र दोन्ही दगडांवर पाय ठेवतात. ‘तो शहाणा आहे हे समजलं’ यात शहाणपण पक्कं. ‘तो स्वतःला शहाणा समजतो’ यात काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

व्यापाऱ्याच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं की आपण फसलोच. वाक्य मध्येच अडवावं लागतं. आमच्या काकूला हे कुणी शिकवलेलं नाही. ती घडावरची नजर न काढता म्हणाली, ‘कळायचं मागाहून बघू. उतरला हे तुम्हाला कोणी सांगितलं, भाऊ?’ गडी ‘तसं ऐकलंय’ वर आला. ऐकलेल्याची हमी कोण देतो?

मला सगळ्यात गंमत वाटते ती ‘विसरणं’ची. ‘मोटार बंद केल्याचं विसरलो’ म्हणजे मोटार बंद आहे. ‘मोटार बंद करायला विसरलो’ म्हणजे पाणी चालूच. आणि सालदार अर्धवट झोपेत नुसतंच ‘मोटारीचं विसरलो’ म्हणाला, तर बॅटरी घेऊन मळ्यात जाण्यावाचून इलाज नाही.