चिप्स, उंदीर आणि माकडाचं लिव्हर

फोंड्यात वाढलेल्या माणसाला झू म्हटलं की बोंडलाच आठवतं, शाळेची पिकनिक, स्टीलचे डबे, गार सावली. माकडांचं वेड मला तिथूनच लागलं. परवा भाच्याला घेऊन गोव्याबाहेरच्या एका झूमध्ये गेले होते, तिथे एक माणूस जाळीतून माकडांना चिप्स टाकत होता, अर्ध्या मातीत पडत होत्या, थांबवलं तर म्हणतो, चार चिप्सनी मरतंय काय ते!

चिप्सनी नाही हो, पण चिप्सच्या मागे उंदीर येतात ना. उंदरांच्या लिव्हरमध्ये केसासारखा बारीक जंत असतो, कॅपिलारिया हेपॅटिका नावाचा, त्याची मादी लिव्हरमध्येच अंडी घालते आणि ती तिथेच अडकून राहतात. उंदीर मरून कुजला की मातीत मोकळी होतात, नाहीतर मांजराने तो उंदीर खाल्ला की मांजराच्या शीतून बाहेर. मग ओल, हवा आणि ऊब मिळाली की काही आठवड्यांत आत अळी तयार. आमच्याकडचा जुलै आठवा, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, अंड्यांना अजून काय पाहिजे! माकड बिचारं खालचं उचलून तोंडात घालणारच, मग अळ्या आतड्यात बाहेर पडतात आणि रक्तातून थेट लिव्हरमध्ये.

मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटतं सांगू? शी तपासली तर रिपोर्ट क्लीन येतो, कारण अंडी आत कोंडलेली. उलट शीत अंडी दिसली तर बहुतेक कुणाचं तरी लिव्हर खाल्लंय आणि ती नुसती पोटातून पास झालीत. खरं कळायचं तर लिव्हरचा तुकडा काढून बघायचा, नाहीतर पोस्टमॉर्टमला, तोवर लिव्हर व्रणांनी कडक झालेलं असतं. झूमधल्या गोरिला, चिंपांझींमध्येही हा जंत सापडलाय. माणसातली पहिली केस १९२४ सालची, तीही भारतातल्या एका ब्रिटिश सैनिकाची.

परवापासून घरीही मी आईच्या मागे लागलेय, परसात मेलेला उंदीर दिसला की नुसती माती लोटू नको, जाळून टाक. आणि झूमध्ये पिंजऱ्यात मेलेला उंदीर दिसला तर प्लीज पुढे जाऊ नका, तिथल्या कीपरला हाक मारून दाखवा.