ब्रेकर्सच्या पोटात

बॉस्टनहून गाडीने तास-दीड तासात ऱ्होड आयलंडमधलं न्यूपोर्ट येतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यूयॉर्कचे गर्भश्रीमंत उन्हाळ्यात इथे येऊन राहत. त्यांच्या वाड्यांपैकी सगळ्यांत मोठा म्हणजे व्हँडरबिल्टांचा ‘ब्रेकर्स’. सत्तर खोल्या, आणि तोही फक्त उन्हाळ्यापुरता!

कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट दुसरे हे रेल्वेचे मालक. त्यांचा इथला आधीचा बंगला १८९२ मध्ये आगीत जळून खाक झाला. आगीची धास्ती त्यांनी इतकी घेतली, की वास्तुविशारद रिचर्ड मॉरिस हंट यांनी नव्या घराच्या सांगाड्यात लाकूड वापरलंच नाही. सगळं पोलाद, वीट आणि दगड. बॉयलरसुद्धा घराखाली न ठेवता लांब, आवाराच्या कडेला जमिनीखाली नेला. १८९५ मध्ये घर उभं राहिलं.

त्या बॉयलरपर्यंत भुयारातून जाता येतं. वरच्या दिवाणखान्यातलं सोनेरी छत बघून माझे डोळे दिपले होते, हे खरंच. पण जीव रमला तो इथे. डोक्यावरून जाडजूड पाइप गेलेले, पुढे भल्यामोठ्या बॉयलरची काळी लोखंडी तोंडं. त्यांत कोळसा ओढणाऱ्या माणसांची तैलचित्रं वर कुठेही नाहीत. मला ते फार लागलं.

वर मालकांच्या न्हाणीघरात एका अखंड संगमरवरी दगडातून कोरलेला टब आहे. त्याला चार नळ: गोड्या पाण्याचे दोन, समुद्राच्या पाण्याचे दोन, गरम आणि गार. दगड इतका जाड, की अंघोळीआधी टब गरम पाण्याने भरायचा, रिकामा करायचा, पुन्हा भरायचा, असं बरेचदा केल्यावर कुठे तो कोमट व्हायचा. मी त्याच्या काठाकडे बघत राहिलो. एका माणसाच्या अंघोळीसाठी खाली किती कोळसा जळत असेल!

स्वयंपाकघर मात्र चुकवू नका. आग आणि वास घरात शिरू नयेत म्हणून ते वेगळ्या भागात काढलंय. लांबलचक लोखंडी शेगडी, वर टांगलेली तांब्याची पातेली. माझ्या मते अख्ख्या घरातली सगळ्यांत देखणी खोली हीच.

ज्यांनी एवढं बांधलं त्यांना १८९६ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि १८९९ मध्ये ते गेले. पुढे हे घर पोसणं घरच्यांनाही जड गेलं. १९४८ मध्ये धाकट्या मुलीने, ग्लॅडिसने, वर्षाला एक डॉलर भाड्याने ते न्यूपोर्टच्या वारसा जतन संस्थेला दिलं, आणि तेव्हापासून ते लोकांना बघता येतं. संस्थेने ते १९७२ मध्ये विकतच घेतलं.

जाणार असाल तर भुयाराच्या फेरीची चौकशी आधीच करून ठेवा. ती नेहमीच्या फेरीत धरलेली नसते. आणि जमलं तर आधी खाली उतरा, मग वर जा. तो टब बघताना खालचे बॉयलर डोळ्यांसमोर असायला हवेत.