दिवसातून तीनदा, एकाच दोषासाठी

मार्काच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात (१:३५-३८) येशू एका अख्ख्या गावाला नकार देतो. आदल्या संध्याकाळी कफर्णहूमात दाराशी गर्दी लोटली होती, पुष्कळ आजारी बरे झाले होते. पहाटे अंधारातच तो उठून एकांतात प्रार्थनेला गेला. त्याचा शिष्य शिमोन शोधत आला, सगळे तुम्हाला शोधताहेत म्हणाला. येशू मात्र आसपासच्या गावांकडे वळला, कारण तिथेही उपदेश करायचा होता आणि तो आला होता त्यासाठीच. मागे राहिलेल्यांची गरज खोटी नव्हती, हे लक्षात घ्या.

हा नकार प्रार्थनेनंतर आला. आपण प्रार्थना करतो, रविवारी चर्चला जातो, प्रवचन ऐकून ध्येय वगैरे ठरवतोही. सोमवारी दुपारी बारा वाजता त्यातलं काय शिल्लक राहिलं, हे मात्र कुणी विचारत नाही. हा प्रश्न रोज विचारण्याची सगळ्यात व्यवहारी पद्धत मला वाटतं जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची आहे. १५२१ साली स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर असताना त्यांना दिसलं, की शौर्याची दिवास्वप्नं रंगवताना मजा येते पण नंतर मन कोरडं पडतं. संतांसारखं जगण्याचा विचार केला की समाधान मागे उरतं. मनातल्या हालचालींची अशी नोंद घेण्याच्या सवयीतून पुढे त्यांचं ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक झालं. ते १५४८ साली छापलं गेलं. त्यांचेच सोबती संत फ्रान्सिस झेवियर त्याआधी, १५४२ मध्ये, गोव्याला पोहोचले होते.

या पुस्तकातलं रात्रीचं आत्मपरीक्षण अनेकांना ऐकून ठाऊक असतं. क्रम असा: आधी देवाचे आभार, मग आपली पापं ओळखण्यासाठी कृपा मागणं, मग उठल्यापासून तासातासाने विचार, शब्द आणि कृती तपासणं, मग क्षमायाचना, शेवटी सुधारणेचा निश्चय आणि येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. हा क्रम बदलू नये. आभार वगळून थेट चुकांपासून सुरुवात केली, की आठवडाभरात त्याची स्वतःविरुद्धची तक्रारवही होते आणि माणूस सोडून देतो.

कमी ठाऊक असतं ते एकाच दोषाचं परीक्षण. लक्ष एकवटायचं असेल तर मी यापासूनच सुरुवात करायला सांगेन. एक दोष निवडायचा, एकच. सकाळी उठताक्षणी आज याच्यापासून जपेन असं ठरवायचं. दुपारच्या जेवणानंतर हिशेब घ्यायचा: सकाळपासून तासातासाने किती वेळा घसरलो? वहीत त्या दिवसाच्या दोन रेषा असतात. वरच्या रेषेवर तेवढे ठिपके द्यायचे. रात्रीच्या जेवणानंतर दुपारपासूनचा हिशेब, ठिपके खालच्या रेषेवर. सात दिवसांच्या रेषा क्रमाने आखूड होत जातात, कारण चुका कमी होत जाव्यात ही अपेक्षा. मग वरची रेषा खालच्या रेषेशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा. आणि घसरलो त्याच क्षणी हात छातीवर ठेवायचा. चारचौघांत बसलो असलो तरी कुणाच्या लक्षात येत नाही, असं इग्नेशियस स्वतःच सांगतात.

बहुतेकांचं गाडं दोष निवडतानाच अडतं. ‘अधिक प्रेमळ व्हायचं’ याचे ठिपके देता येत नाहीत. ‘बायको बोलत असताना मध्येच तोडणं’ याचे येतात. ‘प्रार्थनेत लक्ष लागत नाही’ हेही मोजता येणार नाही. ‘प्रार्थना संपण्याआधी फोन उचलणं’ येईल. जो दोष आपल्या मुख्य जबाबदारीला पोखरतो तो आधी घ्यावा. शिक्षकाने वर्गातला घ्यावा, आईने घरातला. तीन-चार आठवडे तरी तोच ठेवावा.

पहिल्या आठवड्यात ठिपके बहुधा वाढतात. घाबरू नये, घसरणं तेवढंच असतं, आता ते दिसायला लागलेलं असतं. दुपारचा हिशेब चुकवला की रात्री सगळा दिवस एकात एक मिसळतो आणि आकडा अंदाजाचा होतो. म्हणून दुपारची दोन मिनिटं सोडू नयेत, रात्रीची थोडी कमी झाली तरी चालेल. ठिपके शून्यावर आले की छाती फुगते, तेव्हा दोष बदलावा. उलट प्रत्येक ठिपक्याने जीव घाबरा होत असेल, कबुली देऊनही पाप सुटलं नाही असंच वाटत राहत असेल, तर मोजणं ताबडतोब थांबवून धर्मगुरूंशी किंवा पाळकांशी बोलावं. बरे झाल्यावर स्पेनमधल्या मान्रेसा गावी राहत असताना खुद्द इग्नेशियस अशा शंकांनी इतके ग्रासले होते, की जीव देण्याचे विचार त्यांच्या मनात आले.

तारण केवळ देवाच्या कृपेने मिळतं असं मानणारे काही प्रोटेस्टंट मित्र विचारतील, ही स्वतःच्या कर्मांनी तारण मिळवण्याची खटपट नव्हे का? नव्हे. रात्रीच्या परीक्षणात कृपा मागितल्याशिवाय हिशेबाला हात लावायचा नाही, आणि शेवटचा निश्चयही तिच्याच भरवशावर करायचा.

मन कोरडं पडण्याचे दिवस येतातच. त्या काळात आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही, हा इग्नेशियस यांचा पक्का नियम. उलट प्रार्थना आणि परीक्षण थोडं वाढवायचं. चर्चची जबाबदारी सोडण्याची चिठ्ठी नेमकी अशाच आठवड्यात लिहिली जाते.

अर्थात सोडण्यासारख्या जबाबदाऱ्याही असतात. गायनमंडळ, युवक संघ, सणाची कमिटी, शिवाय प्रत्येकाचा व्हॉट्सॲप ग्रुप; चर्चमध्ये ‘हो’ म्हणणाऱ्या माणसावर सगळं येऊन पडतं आणि घरच्यांशी बोलायला त्याला वेळ उरत नाही. इग्नेशियस यांचं माप असं: माणूस देवाची स्तुती, आदर आणि सेवा करण्यासाठी निर्माण झाला, बाकी सगळं त्या कामी येईल तेवढंच धरायचं, आड येईल तेवढं सोडायचं. निर्णय अवघड असेल तर कधी न भेटलेला माणूस डोळ्यांसमोर आणायचा. त्याचं भलं व्हावं एवढीच इच्छा धरून आपण त्याला काय सल्ला दिला असता? तोच स्वतः पाळायचा. त्यानेही उलगडलं नाही, तर मरणाच्या क्षणी कोणता निर्णय घेतलेला आवडेल ते पाहायचं. परदेशातली नोकरी असो की कमिटीचं सचिवपद, कागदावर चार रकाने करावेत: स्वीकारलं तर फायदे, तोटे, नाकारलं तर फायदे, तोटे. पगार आणि मान हे त्या रकान्यांत देवाच्या सेवेच्या मापानेच तोलायचे. निर्णय झाला की तो प्रार्थनेत देवापुढे ठेवायचा, आणि मगच फोन करायचा.

रात्रपाळी करणाऱ्यांनी वेळांचा बाऊ करू नये. झोपून उठाल ती सकाळ, पाळीतली जेवणाची सुट्टी ती दुपार, घरी परतताना बसमध्ये शेवटचा हिशेब. वही लहान घ्यावी, खिशात मावेल अशी, आणि तीत दोषाचं नाव लिहू नये. फक्त ठिपके.