तुम्ही विचारलंत म्हणून: पद रिकामं होणार हे आधी कळत नाही का?

आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका-बदल्या बघणाऱ्या शाखेत, नोकरी झाली असं सांगितलं की लोक हमखास विचारतात: सरकारकडे प्रत्येक कर्मचाऱ्याची कुंडली असते, मग पदं महिनोन्महिने रिकामी कशी? आधी कळत नाही का?

कळतं. तारखेसकट कळतं. राज्य शासनात गट अ ते क मधला, म्हणजे अधिकाऱ्यापासून कारकुनापर्यंतचा, माणूस ५८व्या वर्षी निवृत्त होतो, गट ड मधला, म्हणजे शिपाई वगैरे, ६०व्या. जन्मतारीख नोकरीला लागतानाच सेवापुस्तकात चढते. त्यातही आपल्याकडची गंमत म्हणजे शाळेत नाव घालताना गुरुजींनी कित्येकांना सरसकट १ जून लावून टाकली. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मे म्हटलं की कार्यालयोकार्यालयी शाल-श्रीफळ. सर्वसाधारण बदल्याही २००५च्या कायद्यानुसार एप्रिल-मेमध्येच. म्हणजे खरीप आणि पावसाळा तोंडावर असताना जुने गेलेले आणि नवे अजून गाव ओळखतायत.

निवृत्त होणाऱ्यांची यादी तयार होत नाही असं नाही. पेन्शनची प्रकरणं वेळेत महालेखापालांकडे जायला हवीत, म्हणून ती होतेच. पण ती पेन्शनच्या टेबलावर राहते. बदल्यांचं टेबल शेजारीच असतं, कधी मध्ये फक्त एक कपाट. ती यादी बदल्यांच्या बैठकीत ठेवायला ना सॉफ्टवेअर लागतं ना सल्लागार. साहेबांनी मागितली की मिळते; मागणारे साहेब कमी.

दुसरी गोष्ट जरा अवघड. पगार निघतात त्या ‘सेवार्थ’ प्रणालीतली वेतनाची माहिती बरीच चोख असते, कारण तिथे चूक झाली तर एक तारखेला माणूस दारात उभा राहतो. प्रशिक्षण, अनुभव, एखाद्याला कुठलं काम चांगलं येतं, हे चुकीचं असलं किंवा भरलंच नाही, तरी कुणाचंच अडत नाही. म्हणून ते कोरं. आणि सगळ्यात फसवं म्हणजे पगार इथे, काम तिथे. दुर्गम आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेचा पगार त्या केंद्रातून निघतो, कागदावर पद भरलेलं. बाई मात्र तोंडी आदेशाने तालुक्याच्या दवाखान्यात. अशा आकड्यांवरून रिक्त पदांचा तक्ता केला तर तो नेमका त्याच गावाला वगळतो, जिथे माणूस नाही.

तक्ते नकोत असं माझं म्हणणं नाही. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकावर गेल्या, अवघड क्षेत्रातली शाळा कुठली हे यादीत आलं, आणि निदान भांडायला सगळ्यांसमोर एक कागद आला. वशिल्याच्या दिवसांपेक्षा हे केव्हाही बरं. त्या याद्यांवरही वाद होतात, व्हावेतच.

पण नवी प्रणाली येणार म्हटलं की मी एवढंच विचारतो: ‘प्रत्यक्ष काम कुठे’ हा रकाना कोण भरणार, आणि तो चुकला तर पगार कुणाचा थांबणार?