मुठीतल्या अक्षता

शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की मी स्टेजवरून खाली उतरतो. अंतरपाट दूर होतानाचा फोटो माझा पोऱ्या काढतो. 6 वर्षं माझ्याकडे आहे, त्याचा हात चुकत नाही. मी तेवढ्यात हॉलमधली माणसं टिपतो. स्टेजवर प्रकाशाचं मातेरं झालेलं असतं. डेकोरेशनवाले गुलाबी-जांभळ्या एलईडी लावतात, त्यात नवरीची हळद राखाडी दिसते. व्हिडिओवाला समोरून तोंडावर पॅनल धरतो. नाकाची, गालाची सावलीच पुसली तर चेहऱ्यात वाचायला उरतं काय? आणि मधे पाहुण्यांचे 50 मोबाईल.

हे लग्न जयसिंगपूरजवळच्या एका कार्यालयातलं, मे 2023 मधलं. मुहूर्त 12 वाजून 37 मिनिटांचा. नवरीचे वडील वारलेले, म्हणून कन्यादानाला चुलता-चुलती बसले होते. आई सकाळपासून राबत होती. भटजींना तांदूळ दे, ओटीचं सामान काढून दे. ओटी भरायची वेळ आली की खांबाआड. आदल्याच वर्षी याच शिरोळ तालुक्यात, हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवांचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत असा ठराव केला होता. सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं होतं. इथं तिला कुणी मागे सरक म्हटल्याचं मी ऐकलं नाही. ती आपणच सरकत होती. ते मला फार लागलं, आणि ते मनात घेऊनच मी खाली उतरलो.

ती स्वयंपाकघराच्या बोळाच्या तोंडाशी, खिडकीला लागून उभी होती. बाहेर केटरिंगवाल्यांचा पांढरा टेम्पो लावलेला. डोक्यावरचं ऊन टेम्पोच्या पत्र्यावर आपटून खिडकीतून आत येत होतं आणि तिच्या डाव्या गालावर पडत होतं. असा प्रकाश मिळावा म्हणून आम्ही थर्माकोलचे तक्ते घेऊन हिंडतो, सावलीत माणूस उभा करतो, तरी तो असा मऊ पडत नाही. मागे बोळ काळाकुट्ट. गालावर स्पॉट मीटरिंग घेतलं, म्हणजे तेवढ्याच जागेचा उजेड मोजला, 85 ची लेन्स, एफ 2, आयएसओ 800. मग दोन पावलं उजवीकडे सरकलो, कारण स्टेजचा झगमगाट फ्रेममधे आला असता तर डोळा तिकडेच धावला असता. हॉलचा खांब मधे घेतला, स्टेजची नुसती गुलाबी कड डावीकडे राहू दिली. पुढे लोकांची डोकी धूसर. त्या फटीत ती, पांढऱ्या उजेडात, छातीशी धरलेली मूठ, मुठीत अक्षता.

उजेडाचं मूळ झाकायचं, हे मी सा. ल. हळदणकरांच्या चित्रावरून शिकलो. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते आहे: हातात दिवा घेतलेली बाई. ज्योतीपुढे तिनं दुसरा हात धरलाय. ज्योत उघडी असती तर आपण ज्योतच बघत बसलो असतो. ती झाकली म्हणून बोटांच्या कडा लालसर होतात आणि आपण चेहऱ्यापाशी थांबतो. जलरंगात त्यांनी हे केलंय. त्या दिवशी खांबानं माझ्यासाठी तेच काम केलं. एका बाजूला लग्नाचा गुलाबी रंग, दुसऱ्या बाजूला दिवसाचा पांढरा, आणि मधे खांब. मुलीच्या लग्नात आईची जागा कुठे, ते त्या फोटोत एका अक्षराविना लिहिलेलं होतं.

अल्बमचे फोटो निवडायला चुलते आले. त्या फोटोपाशी थांबून म्हणाले, "ह्यो कशाला काढलासा? लग्नाच्या अल्बमात असलं नगं." माणूस वाईट नाही. पुतणीच्या लग्नासाठी त्यांनी सोसायटीचं कर्ज काढलं होतं. पण ज्याला स्वतःच्या भावजयीचा चेहरा 'असलं' वाटतो, त्याच्याशी मी वाद घालू शकलो नाही. नवरीला मी तो फोटो वेगळा पाठवला. तिनं रात्री फोन केला, बराच वेळ नुसती रडत होती. मग म्हणाली, "16 बाय 24 करा, काच लावून." एक तिच्या घरी, एक आईला भेट.

आईचा, म्हणजे काकींचा, फोटो पोचवायला मी स्वतः गेलो. काकींनी चष्मा लावून फ्रेम खिडकीपाशी नेली. बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "दादा, मी अक्षता टाकलेल्या की. त्यो फोटो न्हाई?"

मला उत्तर सुचलं नाही. फोटोत मूठ बंद आहे. मंगलाष्टक चालू होतं, 'सावधान' यायचं होतं, म्हणून बंद होती. त्या घडीला हॉलमधल्या सगळ्यांच्याच मुठी बंद होत्या. पण बाकीची डोकी मी धूसर केली, हात फ्रेमबाहेर ठेवले आणि एकटीचीच मूठ उजेडात आणली. बघणाऱ्याला वाटतं, हिला अक्षता टाकू दिल्या नाहीत. खोटं मी काही घातलं नव्हतं. फक्त काय दिसू द्यायचं ते ठरवलं होतं.

घरी येऊन रात्री हार्डडिस्क लावली. पुढची फ्रेम होती. काही सेकंदांच्या अंतरात बाहेरचा टेम्पो हलला होता, बहुतेक बँडच्या गाडीला वाट द्यायला. गालावरचा उजेड गेलेला. एक्सपोजर मॅन्युअलवर, म्हणजे आधीच्या उजेडालाच बांधलेलं, त्यामुळे फोटो दोन स्टॉप काळा आलेला. फोकस पुढच्या माणसाच्या कानावर. निवडताना मी तो पहिल्याच फेरीत काढून टाकला होता, तसे शेकडो जातात. आता सॉफ्टवेअरमधे उजळला तर सगळीकडे दाणे उठले, रंग मातकट झाला. पण त्यात ती टाचा उचलून उभी आहे. उजवा हात डोक्याच्या वर पूर्ण उघडलेला, बोटं फाकलेली, अक्षता हातातून सुटल्यात. तोंड उघडं आहे. हसतेय की 'सावधान' म्हणतेय ते कळत नाही. स्टेजपर्यंत पोचाव्यात म्हणून तिनं किती जोर लावलाय, ते खांद्यावरून कळतं.

माझ्या धंद्याच्या कुठल्याही मापानं तो फोटो वाया गेलेला आहे. शिकाऊ पोरानं आणून दाखवला असता तर मीच डिलिट करायला लावला असता.

6 बाय 8 मधे काढून दिला. काकींनी दाणेबिणे काही बघितलं नाही. बोट फोटोवर ठेवून त्या पांढऱ्या ठिपक्यांमागून नेत गेल्या, कागदाच्या कडेपर्यंत. शेजारणीला हाक मारून बोलावलं आणि दाखवला. मी पैसे नको म्हणालो, तर 100 ची नोट माझ्या शर्टाच्या खिशात कोंबली.

तो फोटो त्यांनी टीव्हीच्या वर लावलाय. काचेचा मोठा अजून आहे, आतल्या खोलीत. मुलीला दुसऱ्या फोटोबद्दल मी अजून सांगितलेलं नाही. तिच्या हॉलमधे पहिलाच आहे; आल्यागेल्याला दाखवून आईबद्दल सांगते म्हणे.